सरकारी खर्चाने मनाची हेरगिरी



अतींद्रिय शक्तीचा विषय निघाला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. त्यात काहीच तथ्य नसते तर अमेरिकेच्या सरकारने वीस वर्षे त्यावर पैसा का ओतला असता? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही त्या पैशाचीच हकीकत सांगणार आहोत.

१९७२ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरॉल्ड पुटहॉफ ह्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सी.आय.ए.च्या पैशाने हे काम सुरू केले. काळ शीतयुद्धाचा. रशिया ह्या विद्येत पुढे गेला तर आपण मागे पडू, ही धास्ती होती. पैसा निघाला तो ह्या धास्तीपोटी. विद्या सिद्ध झाली म्हणून नव्हे.

खोलीत बसून दूरची जागा पाहण्याला त्यांनी ‘रिमोट व्ह्यूइंग’ असे नाव दिले. (मराठीत ‘दूरदर्शन’ म्हणावे तर टी.व्ही. आठवतो, आणि ‘दूरदृष्टी’ हा शब्द आपण शहाणपणासाठी राखून ठेवला आहे!) प्रयोग असा : एक जण बाहेर एखाद्या ठिकाणी जाई, पॅट प्राइस नावाचे गृहस्थ बंद खोलीत बसून त्या ठिकाणाचे वर्णन करीत. अशी नऊ ठिकाणे झाली. मग एका परीक्षकाने नऊ वर्णने नऊ ठिकाणांशी जुळवायची. सात बरोबर जुळली! १९७४ साली ‘नेचर’सारख्या नामवंत नियतकालिकात हे छापून आले.

न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन ह्यांनी तसेच प्रयोग करून पाहिले, पण त्यांना यश येईना. तेव्हा त्यांनी मूळ टिपणे तपासली. एका टिपणात ‘कालची दोन ठिकाणे’ असा उल्लेख होता. म्हणजे ते टिपण निदान तिसरे. कोठे तारीख लिहिलेली. ठिकाणांची यादी परीक्षकाच्या हाती होती ती भेटीच्या क्रमानेच. मग दिव्य दृष्टी कशाला हवी? एकही जागा न पाहता, केवळ ह्या खुणांवरून मार्क्स ह्यांनी जोड्या लावून दाखविल्या. १९७८ साली हेही ‘नेचर’मध्येच आले. फसविण्याचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. पण परीक्षेच्या खोलीत उत्तरपत्रिका उघडी राहिली होती, एवढे खरे.

तरीही काम चालूच राहिले. पुढे लष्कर व संरक्षण गुप्तवार्ता खात्याने ते मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे नेले. ‘ग्रिल फ्लेम’, ‘सन स्ट्रीक’, ‘स्टार गेट’ अशी नावे बदलत गेली. १९९५ साली सी.आय.ए.ने बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करविली. संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स म्हणाल्या, आकड्यांत परिणाम दिसतो. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, तो सिद्ध झालेला नाही. हा मतभेद लपवून ठेवण्यासारखा नाही. पण हेरगिरीच्या प्रत्यक्ष कामाला ही माहिती कधीच उपयोगी पडली नाही, असा अहवालाचा निष्कर्ष होता. वर्णने मोघम, असंबद्ध. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून ते खाते बंद झाले.

ह्या कामाचे हजारो कागद २०१७ पासून इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यातले एखादे टिपण जरूर काढावे. मात्र चित्राकडे मागाहून वळावे. त्या खोलीत उत्तर माहीत असलेले कोण बसले होते, ते आधी शोधावे.