बेटावरचे झाकण

अणुचाचणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे छत्रीसारखा वर चढणारा ढग येतो. तो ढग थोड्या वेळाचा. पण त्याच्याआधी तिथे कुणीतरी रस्ते केलेले असतात, समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बसवलेली असतात, हजारो माणसांच्या जेवणाचे भटारखाने चालवलेले असतात. आणि ढग विरल्यावर त्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उरतो. आज मला या आधीच्या आणि नंतरच्या कामाविषयी बोलायचे आहे.

प्रशांत महासागरात मार्शल बेटे आहेत. पोवळ्याच्या खडकाची, माळेतल्या मण्यांसारखी गोल मांडलेली, मध्ये उथळ समुद्र. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकेच्या ताब्यात आली. १९४६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी बिकिनीच्या लोकांना नौदलाच्या अधिकाऱ्याने विचारले, की मानवजातीच्या कल्याणासाठी तुमचे बेट काही काळ द्याल का? १६७ माणसे उठली. पुढच्या वर्षी डिसेंबरात एनेवेटाकच्या सुमारे दीडशे लोकांना दुसरीकडे नेले. आपल्याकडे अशा माणसांना प्रकल्पग्रस्त म्हणतात. जायकवाडीत ज्यांची गावे गेली त्यांना या शब्दाचे वजन सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की धरणाचे पाणी निदान कुणाच्या तरी शेताला जाते.

१९५८ पर्यंत या भागात ६७ अणुस्फोट झाले. त्यासाठी एनेवेटाकवर धावपट्टी, धक्के, बराकी, वीजघरे, मोजयंत्रांसाठी जाड काँक्रिटच्या कोठड्या आणि बाँब चढवायला पोलादी मनोरे उभे राहिले. बांधकामाचे मोठे कंत्राट लॉस एंजेलिसच्या ‘होम्स अँड नार्व्हर’ कंपनीकडे होते. खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे बांधणे एकदाचे आणि डागडुजी रोजची.

१ नोव्हेंबर १९५२ च्या चाचणीचे उदाहरण पाहा. एलुगेलाब नावाच्या चिमुकल्या बेटावर एक अवाढव्य यंत्र जुळवले होते. त्यातले द्रवरूप इंधन गोठवणाऱ्या थंडीत राखायला वेगळी यंत्रणा होती. स्फोटाची किरणे हवेत अडू नयेत, मोजयंत्रांपर्यंत पोहोचावीत, म्हणून शेजारच्या बेटापर्यंत सुमारे २,७०० मीटर लांबीची प्लायवुडची पेटी बांधली आणि तिच्यात हेलियम वायू भरला. ते सगळे सुतारकाम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाहीसे झाले. एलुगेलाब बेटही गेले. तिथे सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि ५० मीटर खोल खड्डा उरला.

आता नंतरच्या कामाकडे येऊ. एनेवेटाकच्या लोकांना परत जायचे होते, म्हणून १९७७ ते १९८० या काळात साफसफाई झाली. सुमारे ४,००० अमेरिकी सैनिकांनी तिथे काम केले. दूषित माती खरवडून, सिमेंटात कालवून ती रुनित बेटावरच्या खड्ड्यात टाकली. हा खड्डाही १९५८ च्या एका स्फोटाचाच. वर काँक्रिटचे ३५८ तुकडे जोडून सुमारे ४५ सेंटिमीटर जाडीचा घुमट केला. आत प्लुटोनियम आहे. त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच २४ हजार वर्षे लागतात. साफसफाईच्या त्या काळात सहा सैनिक दगावले. उरलेल्यांचे आजार किरणोत्साराशी जोडले जावेत, यासाठी अमेरिकेत कायदा झाला तो २०२२ साली.

पण या घुमटाची मेख वर नाही, खाली आहे. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. जालना जिल्ह्यातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर आपल्याकडे पाझर तलाव झाले. तलावाने पाणी धरून ठेवू नये, जमिनीत सोडावे, ही त्यातली युक्ती. वर साठले की खालच्या विहिरींना दिसते. रुनितचा खड्डा पोवळ्याच्या सच्छिद्र खडकात आहे. भरती-ओहोटीबरोबर त्याच्या आतले पाणी वरखाली होते. आपण जे मुद्दाम करतो, ते तिथे नको असताना होते. घुमट लगेच कोसळण्याचा धोका नाही, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२० साली सांगितले. मधल्या समुद्राच्या तळाशी घुमटाखालच्यापेक्षा कितीतरी अधिक किरणोत्सारी गाळ आहे, हेही त्याच खात्याचे म्हणणे. याला दिलासा म्हणायचे का, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांनी ही बेटे अमेरिकेकडे सोपवली ती विश्वस्त म्हणून. आमच्या घरांमध्ये यासाठी ‘अमानत’ असा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, तर ती होती तशी परत करायची. तिच्यात खयानत करणे हा मोठा गुन्हा समजतात. मार्शल बेटे १९८६ साली स्वतंत्र झाली. घुमट त्यांच्या जमिनीवर आहे, तेव्हा जबाबदारीही त्यांचीच, अशी भूमिका पुढे अमेरिकी अधिकाऱ्यांनी घेतली. पाहणी अमेरिका करते, पण झाकण ज्यांच्या अंगणात आहे त्यांनी ते मागितले नव्हते.

हे सगळे दूरचे, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनीच्या स्फोटाची राख रोंगेलापच्या लोकांवर आणि जपानी मच्छीमारांवर पडली. तेव्हा २ एप्रिलला लोकसभेत नेहरूंनी चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. वीस वर्षांनी पोखरणला आपल्याच जवानांनी वाळवंटात खोल विवर खोदले. पहिल्या जागी पाणी लागले, म्हणून ती सोडावी लागली. पाण्यासाठी आसुसलेल्या मुलखात पाणी लागणे हे अपयश ठरले! पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खोदलेली विवरे १९९८ पर्यंत राखावी लागली. त्या मे महिन्यात देशभर पेढे वाटले गेले. देशाला संरक्षण लागते, हे मी नाकारत नाही. पण पेढा हातात घेताना, त्या जागेची राखण आता कोण करणार, किती वर्षे करणार, आणि शेजारच्या गावाला काय सांगणार, हे विचारले तर त्यात देशद्रोह नाही.

एनेवेटाकचे लोक १९८० मध्ये परतले. ते दक्षिणेकडच्या बेटांवर राहतात. रुनितवर वस्ती करायला मनाई आहे. ज्या पिढीने बेट दिले, ती बहुतेक गेली. त्यांच्या नातवंडांना वारशात मिळालेल्या जमिनीत काँक्रिटचे एक झाकणही आहे. त्याला तडा गेला तर कुणाला कळवायचे, एवढे उत्तर तरी त्यांना स्पष्ट मिळायला हवे.