तिघांचें मुक्त वादन आणि त्याची तबकडी

संगीत आधीं ठरवून वाजवावें कीं वाजवितांना सुचेल तें वाजवावें, हा वाद जुना आहे. आपल्याकडील ख्यालगायक या दोन्ही गोष्टींचा मेळ घालतो. बंदिश त्याला गुरूकडून मिळालेली असते. आलाप आणि ताना त्या बैठकींत सुचतात. पण हें सुचणें कितीहि स्वैर असलें तरी रागाची चौकट आणि तालाची सम यांचें बंधन सुटत नाहीं. ही चौकट आणि ही सम दोन्ही काढून टाकल्या तर मागें काय उरेल? केवळ कोलाहल, असें बहुतेक रसिक म्हणतील. युरोपांतील तीन वादकांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत कित्येक दशकें घालविलीं आणि त्या शोधाच्या खुणा तबकड्यांच्या रूपानें मागें ठेविल्या.

पियानोवादक अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख, सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर आणि तालवादक पॉल लोव्हेन्स असें हें त्रिकूट आहे. श्लिपेनबाख यांचा जन्म १९३८ सालीं बर्लिनमध्यें, पार्कर यांचा १९४४ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें आणि लोव्हेन्स यांचा १९४९ सालीं जर्मनींतील आखेन येथें झाला. श्लिपेनबाख यांनीं कोलोन येथें संगीतरचनेचें रीतसर शिक्षण घेतलेलें होतें. १९६६ सालीं त्यांनीं ‘ग्लोब युनिटी’ हा मोठा वाद्यवृंदहि उभारला. म्हणजे लिहिलेलें संगीत येत नाहीं म्हणून त्यांनीं तें सोडलें, असें म्हणतां येणार नाहीं. १९७० च्या सुमारास हे तिघे एकत्र आले. लिहिलेले सूर नाहींत, ठरलेला ठेका नाहीं. पियानो, सॅक्सोफोन आणि ढोल-झांजा यांचा मूळचा नाद हेंच त्यांचें भांडवल.

अशा वादनांत शिस्त कोठून येते, हें प्रत्येकाच्या हातोटीकडे पाहिल्यास ध्यानांत येतें. आपला सनईवादक ज्याप्रमाणें गालांत हवा सांठवून नाकानें श्वास घेतो आणि सूर तुटूं देत नाहीं, त्याप्रमाणें पार्कर यांनीं अखंड श्वासाची विद्या साध्य केली. तिच्या बळावर एकाच वाद्यांतून अनेक सूर एकमेकांत गुंफल्याचा भास ते निर्माण करतात. लोव्हेन्स ठेका धरीत नाहींत. ढोलाच्या कातड्यावर लहान झांजा ठेवून अथवा टाकून ते नादाचे बारीक ठिणगे उडवितात. श्लिपेनबाख यांच्या पियानोंत दाट स्वरपुंज उसळतात, आणि त्यांतून कधीं थेलोनियस मंक या अमेरिकन जॅझ-रचनाकाराची आठवण डोकावून जाते. तिघेहि एकमेकांचें सतत ऐकत असतात. एकानें केव्हां थांबावें, दुसऱ्यानें केव्हां शिरावें, याचा निर्णय क्षणाक्षणाला होतो. येथें सम म्हणावयाची तर ती ऐकण्यांतच असते.

परंतु जें संगीत त्या क्षणापुरतेंच जन्मास येतें, त्याची तबकडी करावी काय? एकदां मुद्रित झालें कीं तेंच वादन शंभर वेळां ऐकतां येतें, आणि शंभराव्या वेळीं त्यांतील अनपेक्षित असें कांहीं उरत नाहीं. क्षणिक वस्तूला अमर करूं गेल्यास तिचा प्राणच जातो, असा हा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाहीं. तरी त्यावरील उत्तर या त्रिकुटाच्या तबकड्यांतूनच मिळतें.

१९६९ सालीं बर्लिनमध्यें ‘फ्री म्यूझिक प्रॉडक्शन’ ही संस्था निघाली. वादकांनींच उभारलेल्या या संस्थेची धुरा पुढें योस्ट गेबर्स यांनीं दीर्घकाळ वाहिली. तिनें १९७३ सालीं या तिघांची ‘पाकिस्तानी पोमेड’ ही तबकडी काढली. वादन आदल्या वर्षीचें होतें. आंतील तुकड्यांचीं नांवें मिस्किल आहेत. एका नांवांत ‘दोन सेकंद मंक’ आहेत, तर दुसरा तुकडा म्हणजे कार्ल व्हॅलेंटिन या म्युनिकच्या विनोदी नटासाठीं काढलेला खोकला! पहिल्या तुकड्याचें नांव ‘सन-लक नाइट-रेन’.

१९९० सालीं मुद्रित झालेल्या ‘एल्फ बागाटेलन’, म्हणजे अकरा लघुरचना, या तबकडींत तेंच नांव पुन्हा येतें: ‘सन-लक’ची फिरून भेट. जें कधीं लिहिलेंच नव्हतें, त्याची फिरून भेट कशी घ्यावयाची? जुने सूर पुन्हा वाजविणें हा तिचा अर्थ होऊं शकत नाहीं. ओळखीच्या प्रदेशांत तेच तीन प्रवासी अठरा वर्षांनीं शिरतात, एवढाच तो असूं शकतो. १९७२ च्या वादनांतील त्वेष आणि नंतरच्या वादनांतील संयम हीं शेजारीं ठेवून ऐकलीं म्हणजे एकट्या तबकडींत न दिसणारी गोष्ट दिसूं लागते. ती म्हणजे सहवासानें पिकत जाणारें शहाणपण.

दर हिवाळ्यांत हे तिघे गांवोगांव वाजवीत जात. शूबर्टच्या गीतमालिकेवरून या दौऱ्याला त्यांनीं ‘विंटररायझे’, म्हणजे हिवाळी प्रवास, असें नांव दिलें होतें. त्याच नांवाची एक तबकडीहि निघाली. पुढें २००९ सालीं देसाउ येथील बाउहाउसमध्यें आणि २०१५ सालीं वॉर्सा येथें झालेल्या मैफलीहि मुद्रित झाल्या.

एक धोका मात्र राहतोच. चाळीस-चाळीस वर्षें एकत्र वाजविणाऱ्यांना एकमेकांच्या खोडी पाठ होतात, आणि सवय हीच नवी चौकट होऊन बसते. राग सोडून आलेल्यांनीं नकळत स्वतःचाच एक राग घडवावा, हा दैवाचा विनोद होय. सगळ्याच मैफली या धोक्यांतून सुटत नाहींत. पण मुक्त वादक खरोखर मुक्त राहिला कीं नाहीं, याची परीक्षा कशी व्हावी? मैफलीची स्मृति भक्तिभावानें रंगते; तबकडी भिडस्त नसते. वर्षानुवर्षें मुद्रण करून या तिघांनीं आपल्याविरुद्धचा साक्षीदार आपणच उभा केला, आणि पुढच्या हिवाळ्यांत ते पुन्हा कोऱ्या मनानें वाजवावयास बसले. बंधनें झुगारणें एका रात्रीचें काम आहे. झुगारलेल्या बंधनांच्या जागीं सवयीचें बंधन येऊं न देणें हें जन्मभराचें.