साथीच्या काळांतील तीन पाडवे

परभणीहून मनमाडच्या दिशेनें गाडी सुटली म्हणजे पहिलें स्थानक लागतें तें पेडगावचें. निजामी अमदानींत, १९०० च्या सुमारास, या बाजूनें लोहमार्ग गेला, आणि तेव्हांपासून वाटेवरच्या गांवांचें घड्याळ म्हणजे गाडी. परभणीस शिकणारीं मुलें, दवाखान्यास निघालेलीं म्हातारीं माणसें, मोंढ्यांतून माल आणावयास जाणारा दुकानदार, या सर्वांचा दिवस गाडीच्या वेळेशीं बांधलेला असे. २२ मार्च २०२० रोजीं मध्यरात्रीपासून देशांतील उतारूंच्या गाड्या बंद झाल्या. दुष्काळांत गाडी चालली होती, दोन महायुद्धांत चालली होती. सर्व देशांत एकाच वेळीं ती अशी कधींच थांबली नव्हती. मालगाड्या तेवढ्या धडधडत निघून जात.

तीन दिवसांनीं, २५ मार्चला, सर्व देशभर घराबाहेर पडण्याची बंदी सुरू झाली. तोच दिवस गुढीपाडव्याचा. ज्या दिवशीं दुकानदारानें उंबऱ्याला तोरण बांधावें, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातावर साखर ठेवावी, त्याच दिवशीं निम्म्या बाजारानें फळ्या लावून घेतल्या. निम्म्याच म्हणावयाचें कारण असें कीं, सरकारी हुकुमानें दुकानांच्या दोन जाती पाडल्या. किराणा, औषधें, पिठाची गिरणी, बीबियाणें व खतें यांना मुभा होती. शिंपी, न्हावी, चहाचें हॉटेल, कापड, भांडीं, पायताणें यांना नव्हती. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला ही वांटणी सरळ व न्याय्य वाटेल, आणि रोग्यांच्या हिशेबानें ती होतीही तशीच. परंतु गांवांत शिंपी हा किराणेवाल्याचा गिऱ्हाईक असतो, व न्हावीही असतो. ज्याची कैची थांबली त्याचें तेलमीठ थांबत नाहीं. म्हणून उघड्या दुकानाला बंद दुकानांचा भार वाहावा लागला.

या न्हाव्याच्या धंद्याकडे क्षणभर पाहण्यासारखें आहे. बलुत्याच्या काळीं त्याला रोज पैसा मिळत नसे. सुगीला खळ्यावर धान्य मिळे. साथ येवो कीं पाऊस जावो, वर्षाचा कांहीं वांटा ठरलेला असे. त्या पद्धतींत अपमान होता, बांधिलकी होती, म्हणून ती मोडली हें योग्यच झालें. तिच्याविषयीं हळहळण्याचें कारण नाहीं. तथापि तिच्याबरोबर अडीअडचणीचा एक आधारही गेला, व त्याच्या जागीं दुसरा कोणी उभा केला नाहीं. रोखीचा धंदा बंद पडला त्या दिवशीं न्हाव्याच्या हातीं कालच्या गल्ल्याखेरीज कांहीं नव्हतें. महाराष्ट्रांत केशकर्तनालयें उघडण्याची परवानगी मिळाली ती २८ जून २०२० रोजीं. तीही केस कापण्यापुरती, दाढीची नव्हे. म्हणजे तीन महिने पूर्ण उपास आणि पुढें अर्धें जेवण.

शिंप्याचें दैव थोडें बरें ठरलें. चैत्र-वैशाखाची लग्नसराई बुडाली ही त्याची मोठी हानि. पण नाकातोंडावर बांधावयाच्या मुखपट्टीला एकाएकीं मागणी आली. दुकानांतील पट्ट्यांचे भाव भडकतांच केंद्र सरकारनें मार्च महिन्यांतच त्यांना जीवनावश्यक वस्तूंत घातलें व दोन पदरी पट्टीला ८ रुपये, तीन पदरीला १० रुपये असा भाव बांधून दिला. कापडी पट्टी मात्र कोणालाही शिवतां येत होती. राज्यांतील बचत गटांच्या बायकांनीं तीं यंत्रें रात्रंदिवस चालविलीं. चोळ्या-परकर शिवणारीनें मुखपट्ट्या शिवल्या, चहावाल्यानें हातगाडीवर भाजी मांडली. "एक ना धड, भाराभर चिंध्या" असें आपण ज्यांना हिणवितों, तीं दोन-दोन कामें जाणणारीं माणसें या वेळीं तगलीं. एकाच कसबावर मान ठेवून बसलेला मोठा कारागीर घरीं बसला.

धंदा आणि साथ यांची गांठ महाराष्ट्रांत कांहीं प्रथमच पडली नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मोहल्ला. तेथून व्यापारी व हमाल दोघेही पळाले, आणि कांहीं महिन्यांत शहरांतून लक्षावधि माणसें बाहेर पडलीं. गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हां महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची जुनी रीत सोडून मजुरांना रोजच्या रोज रोख पैसे देण्याची पाळी मालकांवर आली. त्याच काळांत राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना गिरगांवांत होता. १८९४ मध्यें मोठ्या उमेदीनें, जर्मन यंत्रें व जर्मन कारागीर आणून तो काढलेला. प्लेगच्या धास्तीनें १८९९ च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यांत आला. यंत्रें वांचलीं, माणसें वांचलीं. कर्ज मात्र गाडीच्या डब्यांत बसून बरोबर आलें. थोड्याच वर्षांत छापखाना श्लायशर या जर्मन गृहस्थाच्या हातीं गेला. लक्ष्मी-सरस्वतीचीं जीं चित्रें घरोघरीं देव्हाऱ्यांत बसलीं, त्यांच्या नफ्यांतील वांटा मूळ मालकाच्या वांट्यास आला नाहीं.

दुसरें उदाहरण दादासाहेब फाळके यांचें. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचें लहानसें दुकान मांडलें होतें. १९०० च्या सुमारास प्लेगनें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें, आणि त्यांनीं तें गांव सोडलें. छायाचित्राच्या दुकानाला भांडवल लागतें तें कॅमेऱ्याचें असें आपण समजतों. घरांत चूल पेटविणारें माणूस हें त्याहून मोठें भांडवल आहे, तें कोणत्याही ताळेबंदांत लिहिलेलें नसतें. पुढें हेच फाळके रविवर्म्यांच्या त्या छापखान्याशीं कामानिमित्त जोडले गेले, आणि १९१३ मध्यें त्यांनीं राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढें आणला, ही निराळी कथा.

आतां पुन्हां गांवच्या किराणा दुकानाकडे. दुकान उघडें राहिलें म्हणून शेजारी त्याला भाग्यवान म्हणत. त्याच्या भाग्याचा हिशेब मांडून पाहूं. समजा, दुकानांत ६०,००० रुपयांचा माल आहे आणि महिन्याची विक्री ४०,००० ची. शंभरामागें दहा सुटतात, म्हणजे ३६,००० चा माल गेला कीं ४,००० पदरीं पडतात, आणि ते घरखर्चांतच संपतात. एरव्हीं विक्री रोखीची. पण साथींत निम्मी विक्री उधारीवर गेली. महिन्याअखेर गल्ल्यांत आले २०,०००. त्यांतून घराला ४,००० दिले. नव्या मालाला उरले १६,०००. माल गेला ३६,००० चा, भरला १६,००० चा. दरमहा २०,००० ची फळी रिकामी. तीन महिन्यांत ६०,००० वहींत आणि दुकानांत झाडू. तोटा एका पैचा नाहीं, उलट कागदावर नफाच आहे. तरीही दुकान बुडालें! "उधारीचें पोतें सव्वा हात रितें" ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें असाच एखादा हिशेब केलेला असावा.

वरून मोंढ्यांतला ठोक व्यापारी रोख मागे, आणि खालून गिऱ्हाईक उधार मागे. गिऱ्हाइकाचाही दोष नव्हता. मराठवाड्यांतील शेतकऱ्याची उधारी फिटते ती सोयाबीन-कापसाच्या पैशांवर. २०२० च्या उन्हाळ्यांत सरकारी कापूसखरेदी मध्यंतरीं थांबली, पुढें रांगा लागल्या, आणि कित्येकांचा कापूस घरांतच पडून राहिला. तशांत पुण्या-मुंबईकडे गेलेलीं माणसें परतलीं. ज्या घरीं चार ताटें तेथें आठ झालीं. परतण्याची ती वाट कशी होती हें याच लोहमार्गानें पाहिलें आहे. ८ मे २०२० च्या पहाटे, करमाडजवळ, जालन्याहून भुसावळकडे पायीं निघालेले आणि थकून रुळांवर निजलेले मध्यप्रदेशचे १६ मजूर रिकाम्या मालगाडीखालीं सांपडले. ती बातमी ऐकल्यावर, दाराशीं परत आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला "आज रोख, उद्यां उधार" ही पाटी दाखविण्याची छाती कोणत्या दुकानदाराची होईल?

तेव्हां उधारी द्यावी कीं देऊं नये, हा प्रश्नच नव्हता. किती आणि कशाची, एवढाच प्रश्न होता. ज्यांनीं सरसकट दिली ते बुडाले, आणि ज्यांनीं सरसकट नाकारली त्यांचें दुकान पुढें लोकांनीं टाळलें. मधली वाट काढणाराला बाजाराकडे डोळसपणें पाहावें लागलें. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशीं पांच किलो धान्य फुकट मिळूं लागलें. म्हणजे घरांत गहू-तांदूळ होते. नव्हतें तें तेल, तिखट, साखर, चहापत्ती, साबण. शहाणा दुकानदार धान्यांत पैसा अडकवीना. तेलाच्या लहान पिशव्या आणि दहा-दहा रुपयांच्या पुड्या ठेवी. तेलामिठाला उधार, तंबाखूला रोख, असा नियम करणें त्याच्या हातीं होतें. आठवड्याची उधारी ठरवून ती ओलांडूं न देणें हेंही हातीं होतें. पण तें फार कठीण, कारण नकार द्यावयाचा तो ओळखीच्या तोंडावर.

कर्जाची गोष्ट याहून फसवी निघाली. २७ मार्च २०२० रोजीं रिझर्व्ह बँकेनें कर्जाचे हप्ते तीन महिने लांबणीवर टाकण्याची मुभा दिली व पुढें ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढविली. गांवोगांवीं याचा अर्थ "हप्ते माफ" असा झाला. माफ कांहींच नव्हतें. व्याज चालूच होतें. १२ टक्क्यांचें एक लाखाचें कर्ज सहा महिने तसेंच ठेवलें तर साधें व्याज ६,००० आणि चक्रवाढीनें ६,१५२. ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें लहान कर्जदारांना या दोहोंतील फरक परत देण्याचें ठरविलें, आणि वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. फरक किती, तर १५२ रुपये! उरलेले ६,००० ज्याचे त्यालाच भरावे लागले. ज्याच्यापाशीं थोडी शिल्लक होती त्यानें हप्ता भरणें शहाणपणाचें होतें. ज्याच्यापाशीं कांहींच नव्हतें त्याला ही सवलत वरदान होती. पण दोघांनीं एकच केलें, कारण कोणीं त्यांना हा फरक समजावून सांगितला नाहीं. बँकेच्या खिडकीवर मराठींत लिहिलेल्या चार ओळींनीं हें काम झालें असतें.

सप्टेंबर-ऑक्टोबरांत अतिवृष्टीनें उभें सोयाबीन भिजविलें. दिवाळीला फिटावयाची उधारी अर्धीमुर्धी फिटली. तरीही लोक म्हणत कीं, संकट टळलें.

दुसरा पाडवा आला १३ एप्रिल २०२१ रोजीं. त्यापूर्वींच आठवडाभर कापड-भांड्यांचीं दुकानें पुनः बंद झालीं होतीं, आणि त्याच रात्रीं मुख्यमंत्र्यांनीं दुसऱ्या दिवसापासून राज्यभर कडक निर्बंध जाहीर केले. २० तारखेपासून किराणा दुकानाला सकाळीं ७ ते ११ एवढाच वेळ राहिला. गर्दी होऊं नये म्हणून वेळ कमी केला, आणि वेळ कमी केला म्हणून गर्दी झाली. दिवसभर विखुरलेलें गिऱ्हाईक चार तासांत एकाच फळीपुढें उभें राहिलें. लस ४५ वर्षांवरील सर्वांना १ एप्रिलपासून मिळूं लागली होती, तरुणांना १ मेपासून. तिशीचा दुकानदार त्या गर्दीच्या श्वासांत उभा राहून तागडी धरीत होता; त्याची गणना ना डॉक्टरांत, ना शिपायांत.

पहिल्या वर्षीं साथ बातमींत होती. या वर्षीं ती गल्लींत आली. दुकानाच्या वहींत प्रत्येक घराचें एक पान असतें, आणि वरतीं घरांतील कर्त्या माणसाचें नांव असतें. एप्रिल-मे महिन्यांत अशा कितीतरी पानांवरचा कर्ता गेला. आंकडा तसाच राहिला. तो कोणाकडे मागावयाचा? तेराव्याच्या सामानासाठीं आलेल्या मुलाला मागील बाकी दाखवावयाची, कीं तें सामानही त्याच पानावर मांडावयाचें? याला कोणत्याही वाणिज्यशाळेंत उत्तर नाहीं. कांहींनीं पान फाडलें. कांहींनीं मुलाचें नांव वर लिहिलें व रकमेची चर्चा केली नाहीं. आणि दुकानदार स्वतःच गेला अशा घरीं उलटा प्रकार घडला. हिशेब त्याच्या डोक्यांत. वहींतील खुणा त्याच्या त्यालाच ठाऊक. विधवेला येणें किती, देणें किती, हें कळेना. देणेकरी मात्र चौथ्या दिवशीं हजर. वही नीट लिहावी, आणि ती घरांत आणखी एकाला वाचतां यावी, ही गोष्ट इतकी साधी आहे कीं ती कोणी करीत नाहीं. जेथें बायको रोज दोन तास गल्ल्यावर बसत होती तेथें दुकान चालू राहिलें. जेथें तिला आंतल्या खोलींतून बाहेर येऊं दिलें नव्हतें तेथें माल ठोक व्यापाऱ्यानें उचलून नेला.

३१ मार्च २०२२ रोजीं राज्य सरकारनें सर्व निर्बंध उठविण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तो अंमलांत यावयाचा दिवस ठरला २ एप्रिल, म्हणजे तिसरा पाडवा. मधल्या दोन वर्षांत दुकानाच्या भिंतीवर एक काळापांढरा चौकोन चिकटला होता. फोन त्याच्यासमोर धरला कीं पैसे पोंचतात. मार्च २०२० मध्यें देशांत अशा व्यवहारांची महिन्याची संख्या सुमारें १२५ कोटी होती, मार्च २०२२ मध्यें ती ५४० कोटींच्या घरांत गेली. नोटेला हात लावावयास लोक भ्यायले, त्या भयानें हें शिकविलें. तरुण गिऱ्हाइकें चौकोनावर पैसे देतात, आणि दुकानांतून निघतांना, "तेल मात्र आईच्या खात्यावर मांडा," असें सांगतात. तें मांडावयाची लाल वही त्या चौकोनाखालींच, खिळ्याला दोऱ्यानें बांधलेली असते.