कोल्हापूरचं विद्यापीठ

मंडळी, कोल्हापूरला आपण जातो ते अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर गूळ घेऊन बाजाराला. शहराच्या कडेला, सागरमाळावर, शिवाजी विद्यापीठ आहे. तिकडं मात्र पाय वळत नाहीत. आपलं तिथं काय काम, असं वाटतं.

काम आहे. विद्यापीठ म्हणजे पुष्कळ कॉलेजांचं थोरलं घर. परीक्षा तेच घेतं, पदवी तेच देतं. १९६२ साली ते निघालं. त्याआधी हा कारभार पुण्याहून चाले. आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडं आहेत.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढवली. गावचं पोर शहरात राहणार कुठं, जेवणार काय, हे त्यांनी आधी पाहिलं. आम्हांला वाटतं, खरी अडचण तीच. अजूनही तीच आहे. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. मुलानं रोज थोडा वेळ काम करायचं नि शिकायचं. शेत सोडता येत नसेल, तर घरी राहून शिकायचीही सोय आहे.

पुढच्या खेपेला गूळ विकून झाला, की माळावर चला. समोरच शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा दिसेल. पोरीलाही बरोबर घ्या.