इंजिनाचं तेल आणि विहिरीचं पाणी



आपल्या बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला, रब्बीच्या दिवसांत वीज गेली की डिझेल इंजिनाची फटफट सुरू होते. हरभऱ्याला, हळदीला पाणी तर द्यावंच लागतं. पण इंजिनात आपण जे तेल ओततो, ते येतं कुठून? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात ८५ हिश्श्यांहून अधिक तेल परदेशातून येतं. तिकडे भांडण पेटलं की त्याची झळ इथल्या बांधापर्यंत पोचते. १९७३ साली अरब देशांनी पुरवठा कमी केला, तेव्हा काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. तेलाचा भाव आपल्या हातात नाही. तेल किती जाळायचं, हे मात्र आपल्या हातात आहे.

आता साधा हिशोब करू. पाच अश्वशक्तीचं इंजिन पुऱ्या भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल खातं. रोज आठ तास आणि पाळीला चार दिवस धरले, तर ३२ लिटर झाले. दुरुस्तीनं त्यातला चौथा हिस्सा वाचला, तर एका पाळीत ८ लिटर वाचतील. लिटरला ९० रुपये धरले, तर हे ७२० रुपये झाले. म्हणून नवीन साधन घेण्याआधी जुनी गळती बुजवा.

ती कशी बुजवायची? फूटव्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा आणि स्वच्छ असावा. पाइप अरुंद नसावा, त्याला वळणं कमीत कमी असावीत. पाण्यापासून पंपाची उंची वीस फुटांच्या आत ठेवा. काही जण पाणी उंचावरून पाडतात. धार छान दिसते, पण वाढलेल्या प्रत्येक फुटाला तेल लागतं. पाइपचं तोंड दांडाच्या जवळ आणा. पट्टा सैल नको. एअर फिल्टर वेळेवर साफ करा. काळा धूर निघाला की समजा, तेल अर्धवट जळतंय. नोझल तपासून घ्या. आणि एक गोष्ट जिवाची आहे. इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर बसवलं असेल, तर धुराचा पाइप वरपर्यंत आणा. इंजिन चालू असताना खाली उतरू नका. कोंडलेला धूर माणसाचा जीव घेतो.

दुसरी गोष्ट चुलीची. स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून जास्त गॅस देशाला बाहेरून आणावा लागतो. दावणीला चार-पाच जनावरं असतील, तर दोन घनमीटरचा गोबरगॅस घरच्या घरी चालतो. रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून घालायचं. तुम्ही म्हणाल, मग शेताला खत कुठून आणायचं? अहो, गॅस निघाला तरी खत जात नाही. बाहेर पडणारी मळी चांगल्या खताचं काम करते. थंडीत गॅस थोडा कमी निघतो, एवढं मात्र धरून चाला.

तिसरी गोष्ट सूर्याची. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. राज्यात २०२४ साली मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना सुरू झाली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला गेला. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असं प्रमाण आहे. अर्जाआधी महावितरणच्या कार्यालयात चालू अटी विचारून घ्या. पंप बसला की पाट्यांवरची धूळ पुसत राहा. धूळ साचली की पाणी कमी येतं.

पण बाबांनो, इथंच जपायचं आहे. डिझेल विकत आणावं लागतं, तेव्हा माणूस इंजिन वेळेवर बंद करतो. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर सोडून दिला, तर तेल वाचेल आणि विहीर आटेल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक किंवा तुषार संच लावा आणि पीक पाहूनच पाणी द्या.

येत्या पाळीला एवढं एकच करा. टाकीत डिझेल मोजून घाला आणि किती लिटरमध्ये किती वाफे भिजले, ते वहीत लिहा. मग फूटव्हॉल्व्ह, पाइप आणि नोझल नीट करून पुढच्या पाळीला पुन्हा मोजा. फरक तुमच्या वहीतच दिसेल. शेजाऱ्यालाही तो दाखवा.