दोन एकरांतील ऋतुचक्र



शहरातील घरांत वर्षाचा हिशेब जानेवारीपासून सुरू होतो. शेतकऱ्याच्या घरी तो रोहिणीपासून सुरू होतो. मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पंधरवड्याने मृग लागतो. पुढे आर्द्रा, मग पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा' पाऊस अशी नावे गावोगावी आजही तोंडी आहेत. हवामान खात्याचा अंदाज मोबाईलवर पाहणारा तरुण शेतकरीसुद्धा पेरणीच्या वेळी विचारतो, तो नक्षत्राविषयीच.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यासारख्या कमी पावसाच्या पट्ट्यातील दोन एकरांची भाजी-फुलांची शेती डोळ्यांसमोर आणावी. एक विहीर, एक गाय, बांधावर दोन-तीन कडुनिंब. मृगाचा पहिला पाऊस पडला की एका तुकड्यात ताग किंवा धैंचा पेरला जातो. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी तो फुलावर येऊ लागला की तिथेच गाडून टाकतात. हातातोंडाशी आलेले हिरवेगार पीक मातीत गाडताना पाहणाऱ्याला हळहळ वाटते. पण भुईचे ते जेवण आहे. त्याच सुमारास निंबोळ्या गळू लागतात. घरातील म्हातारी माणसे व मुले त्या वेचून सावलीत वाळवतात. वर्षभराच्या पीकसंरक्षणाची बेगमी ती हीच. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची आणि शंभर लिटर पाण्यासाठी वापरायची. ही फवारणी संध्याकाळी करतात. कारण निंबोळीतील कडू द्रव्य प्रखर उन्हात लवकर निकामी होते.

पावसाळ्यात वाटाणा, घेवडा, कोथिंबीर, माठ यांची गडबड असते. खरा जीव मात्र गुंतलेला असतो तो झेंडूत.

झेंडूचे गणित पंचांगावर चालते. बी टाकल्यापासून फूल तोडणीला यायला साधारण 85 ते 90 दिवस लागतात. दसरा मात्र एका तारखेला स्थिर नसतो. 2022 साली तो 5 ऑक्टोबरला आला. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 24 ऑक्टोबरला गेला. 2025 मध्ये 2 ऑक्टोबरलाच आला. म्हणजे एका वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात टाकायचे बी दुसऱ्या वर्षी महिनाअखेरीस टाकावे लागते. अधिक महिना विसरलेल्या शेतकऱ्याची फुले सणाआधीच उमलून जातात, आणि सण उलटल्यावर झेंडूला विचारतो कोण? दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुलटेकडीच्या बाजारात सोन्यासारखे तोललेले फूल दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला टाकून जाण्याची वेळ येते.

वेळ साधली तरी हस्ताचा पाऊस उरतोच. सप्टेंबरच्या 27 तारखेपासून पंधरवडाभर या नक्षत्राची टांगती तलवार असते. भिजलेले फूल काळे पडते, क्रेटमध्येच सडते. 2025 च्या सप्टेंबरअखेरीस मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टीने शेतेच्या शेते पाण्याखाली गेली, ती दसऱ्याच्या तोंडावरच.

गंमत अशी की तोरणातील हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आणि टोमॅटोही तिकडचाच. पण या मातीने दोघांना असे सामावून घेतले की आज झेंडूविना दसऱ्याची कल्पनाही करवत नाही. शिवाय शेतात दोघांची जोडी उत्तम जमते. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सुचविल्याप्रमाणे टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे, झेंडूचे 40 ते 45 दिवसांचे. दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींनाही आळा बसतो.

थंडीत शेताला जरा स्वास्थ्य लाभते. मेथी महिन्याभरात हाती येते. चाकवत, शेपू, मुळा मागोमाग येतात. मार्गशीर्षातील गुरुवारांसाठी शेवंती राखलेली असते.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. रासायनिक खते थांबविल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न बहुधा घटते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी किमान दोन वर्षांचा संक्रमणकाळ लागतो. तोवर माल रसायनमुक्त असूनही त्यावर शिक्का नसतो, म्हणून भाव इतरांइतकाच. पाच शेतकऱ्यांनी गट करून परस्परांची शेते तपासण्याची सहभागी हमी पद्धत सोपी खरी, परंतु गावात असे पाच जण मिळायला हवेत! संततधार पावसात टोमॅटोवर करपा आला, तर निंबोळी अर्क फारसा उपयोगी पडत नाही. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण मर्यादित प्रमाणात चालते. काही कट्टर मंडळी तेही नाकारतात आणि वाफाच्या वाफा डोळ्यांदेखत जळताना पाहतात. अशा रात्री घरात वाद होतात. शेजारच्या शेतात पंप फिरत असतो, तिथली पाने हिरवी असतात, आणि सोसायटीचा हप्ता तर दोघांनाही सारखाच भरायचा असतो.

तरीही माणसे का टिकतात? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या घरी ही बातमी वेगळ्या रीतीने वाचली जाते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला 1924 ते 1931 या काळात कंपोस्टची जी पद्धत बसविली, तिच्यामागे इथल्याच शेतकऱ्यांचे निरीक्षण होते. किडी आणि शेतकरी यांनाच त्यांनी आपले गुरू मानले. तेव्हा शेण, पालापाचोळा आणि धीर यांच्या आधाराने चाललेला हा उद्योग काही अडाणी हट्ट नव्हे.

आणि इथे शहरातील माता-भगिनींचा संबंध येतो. मे महिन्यात पांढराशुभ्र फ्लॉवर आणि आषाढात एकही भोक नसलेली पालेभाजी मागणारे गिऱ्हाईकच शेतकऱ्याच्या हाती पंप देत असते. छिद्र असलेले मेथीचे पान बाजूला सारणाऱ्या गृहिणीला त्याच पानावर अळीने आधी परीक्षा दिली आहे, हे कोणी सांगितलेले नसते.

उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. चार वाफे गवारीचे, बाकी रान उसाच्या पाचटाखाली झाकलेले. घरात बियाण्याची निवड चालते: दोडक्याचे वाळलेले फळ टांगलेले, घेवड्याचे बी राखेत घोळून मडक्यात भरलेले, झेंडूची सुकी बोंडे कापडात बांधलेली. वैशाख उतरू लागला की शेणखताच्या पाट्या रानात पडतात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातील कोणीतरी यंदाचा दसरा शोधून, मागे नव्वद दिवस मोजून पेन्सिलीने एक खूण करते.