बर्फ प्रथम कोणाच्या वाटेवरचा हटवायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



शहरातील बससेवेची चर्चा निघाली की गाड्यांची संख्या, भाडे आणि तोटा या तीन आकड्यांभोवती ती फिरत राहते. थांब्यावर उभा असलेला माणूस या हिशेबात कोठेच नसतो. त्याने किती वेळ वाट पाहिली, कशा अवस्थेत पाहिली, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. परंतु ज्या शहरांत हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो, तेथे या माणसाकडे पाठ फिरवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून थंड प्रदेशातील शहरांचा अनुभव समाजवादी कार्यकर्त्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. हवामान टोकाचे असले की नगरपालिकेच्या धोरणाचा वर्गीय चेहरा लपून राहत नाही.

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग हे असेच एक शहर. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे तेथील लोकवस्ती सुमारे साडेसात लाख आहे. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि कित्येक रात्री ते उणे ३० च्याही खाली जाते. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ असेल, तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, असे कॅनडाचे हवामान खाते सांगते. उणे ४० ओलांडले की त्याला ५ ते १० मिनिटे पुरतात. अर्ध्या तासाने येणारी बस चुकली, तर त्या प्रवाशाच्या वाट्याला काय येते, हे यावरून सहज समजावे. मोटार बाळगणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. तो पडतो पहाटे इस्पितळात झाडलोट करायला जाणाऱ्या स्त्रीला, रात्रपाळीच्या कामगाराला, विद्यार्थ्याला, वृद्धाला आणि नुकत्याच त्या देशात आलेल्या स्थलांतरिताला.

या शहराचा आणि कामगार चळवळीचा संबंध जुना आहे. १५ मे १९१९ रोजी विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि सुमारे ३०,००० कामगार कामावरून उतरले. ट्राम कामगारही त्यात होते. २१ जून रोजी, संप मोडण्यासाठी रस्त्यावर आणलेली एक ट्राम जमावाने कलंडवून पेटवली. घोडदळ पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन माणसे प्राणांस मुकली. या संपाच्या काळात अटक झालेले जे. एस. वुड्सवर्थ हे पुढे १९२१ साली विनिपेगमधूनच संसदेवर निवडून गेले आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ‘को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन’ या समाजवादी पक्षाचे पहिले नेते झाले. त्या पक्षाच्या १९३३ च्या रेजायना जाहीरनाम्यात वाहतुकीच्या सामाजिक मालकीची स्पष्ट मागणी होती. वाहतूक ही नफ्याची वस्तू नसून नागरी जीवनाचा पाया आहे, ही जाणीव त्या मागणीच्या मुळाशी होती. विनिपेगची शहर वाहतूक १९५३ साली सार्वजनिक आयोगाच्या हाती आली.

परंतु मालकी सार्वजनिक झाली म्हणजे सेवा आपोआप लोकाभिमुख होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्यापुढचे प्रश्न अधिक अवघड आहेत.

पहिला प्रश्न वारंवारतेचा. दर ३० मिनिटांनी बस असेल, तर वेळापत्रक न पाहता आलेल्या प्रवाशाला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. दर १० मिनिटांनी असेल, तर ५ मिनिटे. वाटेत गाडी बदलायची असेल, तर ही प्रतीक्षा दुप्पट होते. २९ जून २०२५ रोजी विनिपेगने आपल्या बसमार्गांची संपूर्ण फेररचना केली. मुख्य रस्त्यांवर थोड्या पण वारंवार धावणाऱ्या गाड्या आणि त्यांना प्रवासी आणून देणारे पूरक मार्ग, अशी ही योजना आहे. कल्पना शास्त्रशुद्ध आहे. परंतु थांब्यापर्यंत अधिक चालावे लागते, गाड्या बदलाव्या लागतात, रात्री पूरक सेवा लवकर संपते, अशा तक्रारी प्रवाशांनी केल्या. त्या तक्रारींना नव्याची नावड म्हणून झटकून टाकता येणार नाही. नकाशावर चारशे मीटरचे अंतर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सारखेच दिसते. पायाखाली निसरडा बर्फ आणि समोरून वारा असेल, तर ते सारखे राहत नाही. एका गाडीऐवजी दोन गाड्या घ्यायला सांगणाऱ्या नियोजनकाराने दुसरी गाडी खात्रीने लवकर येईल, याची हमी आधी दिली पाहिजे. वेळेवर येणारी बस ही अशा शहरातील सर्वांत स्वस्त शेकोटी आहे. ठरलेल्या मिनिटाला गाडी येणार हे ठाऊक असलेला माणूस घराच्या किंवा दुकानाच्या उबेतून शेवटच्या क्षणी बाहेर पडू शकतो.

दुसरा प्रश्न बर्फ हटवण्याचा. बर्फ सर्वांवर सारखाच पडतो. तो हटवण्याचा क्रम मात्र माणसे ठरवतात. प्रथम मोठे रस्ते, मग लहान रस्ते आणि सर्वांत शेवटी पदपथ, असा क्रम वर्षानुवर्षे चालत आला. परिणाम असा होतो की, रस्त्यावरून बाजूला लोटलेल्या बर्फाचा ढीग नेमका बसथांब्यापुढे साचतो. अपंग प्रवाशासाठी खाली झुकणारी, पायरी नसलेली नवी बस समोर येऊन उभी राहते आणि चाकाच्या खुर्चीतील माणूस त्या ढिगापलीकडून तिच्याकडे पाहत राहतो. अमेरिकेतील अनेक शहरांत तर पदपथ साफ करण्याची जबाबदारी लगतच्या घरमालकावर आहे. मोटारीचा रस्ता सरकारने करदात्यांच्या पैशाने साफ करायचा आणि पादचाऱ्याची वाट खाजगी सदिच्छेवर सोडायची, असा हा न्याय आहे.

स्वीडनमध्ये या क्रमाला आव्हान दिले गेले. कार्ल्सकोगा या लहान गावाच्या नगरपालिकेने, आणि पुढे राजधानी स्टॉकहोमने, पदपथ, सायकलमार्ग आणि बसथांबे यांना अग्रक्रम देण्याचे धोरण स्वीकारले. पायी आणि बसने जाण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक आहे आणि निसरड्या वाटेवर पडून जखमी होणाऱ्यांत पादचारीच बहुसंख्य असतात, हा त्यामागील विचार. १० सेंटिमीटर बर्फातून मोटार हाकणे शक्य असते. बाबागाडी ढकलणे जवळपास अशक्य असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्टॉकहोमवर विक्रमी हिमवर्षाव झाला, वाहतूक कोलमडली आणि विरोधकांनी या ‘समतेच्या बर्फसफाई’ची यथेच्छ खिल्ली उडवली. यंत्रणा त्या दिवशी अपुरी पडली, हे खरे. पण यंत्रणा अपुरी पडली म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. मोटारींना अग्रक्रम देणारी शहरेही जोरदार हिमवर्षावात बंद पडतात. तेव्हा मात्र मोटारींच्या अग्रक्रमाची खिल्ली कोणी उडवत नाही.

तिसरा प्रश्न निवाऱ्याचा. विनिपेगमध्ये काही थांब्यांवर काचेचे बंदिस्त, गरम केलेले निवारे आहेत. सायबेरियातील याकुत्स्क शहरातही असे उबदार थांबे उभारलेले आहेत. प्रवाशांसाठी ते वरदान ठरावेत. पण विनिपेगच्या काही निवाऱ्यांत बेघर माणसे राहू लागली. त्या शहरातील बेघरांत मूळ आदिवासी समाजातील लोकांचे प्रमाण मोठे आहे. आत शिरायला जागा नाही, भीती वाटते, असे प्रवासी म्हणू लागले. हीटर बंद करा, निवारे काढून टाका, अशा मागण्या झाल्या. रात्रीच्या बसमध्ये ऊब शोधत झोपणाऱ्या माणसाला शेवटच्या थांब्यावर उतरवण्याचे काम चालकाच्या माथी येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये, अशाच एका मध्यरात्री, गाडीतून न उतरणाऱ्या प्रवाशाशी झालेल्या झटापटीत एका चालकाचा भोसकून खून झाला. त्यानंतर चालकांसाठी संरक्षक पडदे आले, पुढे सुरक्षा पथकेही आली. कामगार संघटनेची ती मागणी रास्तच होती.

परंतु पडद्याने प्रश्न सुटत नाही. उणे ३० अंशांत माणसाला घर नाही, हा गृहनिर्माणाचा प्रश्न आहे. तो तेथे न सोडवता बसथांब्यावर ढकलला की प्रवासी, चालक आणि बेघर हे तिघेही एकमेकांचे शत्रू बनतात. वस्तुतः तिघेही एकाच व्यवस्थेने उघड्यावर टाकलेले असतात. फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे धोरण राबवले. व्यसन सोडा, नोकरी शोधा, मग घर देऊ, असे न म्हणता प्रथम कायम घर द्यायचे आणि मग बाकीचे साहाय्य करायचे. पुढील दशकभरात तेथील बेघरांची संख्या लक्षणीय घटली. बसथांबा हा बसथांबाच राहावा यासाठी शहरात प्रत्येकाला दार असलेली खोली हवी, हा या दोन अनुभवांचा अर्थ आहे.

चौथा प्रश्न नव्या यंत्रांचा. डिझेलच्या इंजिनातून वाया जाणारी उष्णता गाडी गरम ठेवायला कामी येते. बॅटरीवरील बसमध्ये अशी उष्णता थोडी. तेव्हा गाडी चालवायची वीजच ऊब देण्यासाठी खर्च होते आणि एका भारणात कापले जाणारे अंतर घटते. जानेवारी २०२४ मध्ये ओस्लो शहरात कडाक्याच्या थंडीमुळे विजेच्या बसगाड्यांच्या अनेक फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. कॅनडातील एडमंटन शहराने प्रोटेरा या अमेरिकन कंपनीकडून विजेच्या ६० गाड्या घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्या ताफ्यातील कित्येक गाड्या आगारात उभ्या राहिल्या. याचा अर्थ डिझेलच्या धुरातच सुख आहे, असा नव्हे. एडमंटनमध्ये १९३९ पासून २००९ पर्यंत आणि विनिपेगमध्ये १९३८ पासून १९७० पर्यंत डोक्यावरील तारांतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबस धावत होत्या. त्यांना ऊब देण्यासाठी बॅटरीकडे पाहावे लागत नव्हते. चालती सार्वजनिक यंत्रणा मोडीत काढायची आणि अर्धशतकाने तिच्या जागी महागडे यंत्र विकत आणायचे, ही प्रगतीची विचित्र कल्पना आहे.

भाड्याचा प्रश्नही येथेच येतो. एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे मार्च २०१२ मध्ये सार्वमत घेण्यात आले आणि १ जानेवारी २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांसाठी शहर वाहतूक मोफत झाली. बेकार आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना हिंडण्याफिरण्याची मोकळीक मिळाली. नगरपालिकेकडे नाव नोंदवणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या आयकरातील वाटा शहराला मिळाला. मात्र मोटारींची संख्या अपेक्षेप्रमाणे घटली नाही. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. मोफत प्रवास हा गरिबाच्या हक्काचा विषय आहे आणि त्याची बाजू त्याच भूमिकेवरून मांडावी. पण रिकाम्या खिशाचा प्रवासी काय किंवा भरल्या खिशाचा काय, गाडीच वेळेवर आली नाही तर दोघेही थंडीत गोठतात. भाडे कमी करण्याची मागणी आणि फेऱ्या वाढवण्याची मागणी यांची फारकत होऊ देता कामा नये.

तोट्याचे कारण पुढे करून सेवाच बंद केली की काय होते, हेही कॅनडाने पाहिले आहे. टॉमी डग्लस यांच्या समाजवादी सरकारने १९४६ साली सस्कॅचवन प्रांतात सार्वजनिक बस कंपनी काढली होती. गावांना शहरांशी जोडणारी ती सेवा ३१ मे २०१७ रोजी थांबली. तोटा वाचवणे हे सरकारचे कारण होते. खाजगी कंपन्या ही पोकळी भरतील, या आशेला फारसा अर्थ उरला नाही. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंड कंपनीनेही पश्चिम कॅनडातून आपल्या गाड्या काढून घेतल्या. तालेवार माणूस मोटार काढून शहरातल्या डॉक्टरकडे गेला. मोटार नसलेल्या खेड्यातील रुग्णाला ओळखीच्यांच्या दारात जावे लागले. सरकारच्या ताळेबंदातील तोटा अशा रीतीने रुग्णाच्या ताळेबंदात हलवला गेला.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण जुलैचा पाऊस आहे, मे महिन्याचे ऊन आहे आणि थांब्यावर ताटकळणारा माणूस तर आहेच. मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘बेस्ट’ ताब्यात घेतली, तेव्हा तो नागरी समाजवादाचा एक वस्तुपाठ होता. अलीकडच्या वर्षांत स्वतःच्या गाड्या कमी आणि ठेकेदारांच्या गाड्या अधिक, असा तेथील कल आहे. मे २०२५ मध्ये किमान भाडेही ५ रुपयांवरून १० रुपयांवर गेले.

तेव्हा महापालिकेचे अंदाजपत्रक हाती आले की कार्यकर्त्यांनी एवढ्यावरच समाधान मानू नये की बससेवेला अनुदान मिळाले. किती थांब्यांवर छप्पर आहे, किती मार्गांवर १० मिनिटांनी गाडी येते, शेवटची गाडी रात्रपाळीच्या कामगाराला घरी पोचवते का, चालकाला शेवटच्या थांब्यावर विश्रांती आणि स्वच्छतागृह मिळते का, आणि उड्डाणपुलांवर खर्च झालेल्या रकमेपैकी पदपथांना किती मिळाली, हे प्रश्न सभागृहात आणि सभागृहाबाहेर विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळवण्यासाठी प्रथम स्वतः थांब्यावर जाऊन उभे राहावे लागेल, तेथील माणसांशी बोलावे लागेल आणि त्यांची संघटना बांधावी लागेल. विनिपेगच्या प्रवाशांचे आणि चालकांचे हित एकच आहे, हे तेथे ज्यांना उमगले, त्यांनी कामाला सुरुवात केली आहे. येथेही सुरुवात तेथूनच करावी लागेल.